आईपण अंगावर येऊ लागलं की : बर्नआउट ओळखायचा कसा, उतरवायचा कसा

नळाला पाणी यायचा दिवस. सोलापुरात तो चार-पाच दिवसांनी उगवतो आणि कितीतरी पेठांमध्ये अवेळीच उगवतो. आई रात्री अडीचला उठते, नळाला पाइप जोडते, आधी पिण्याचे हंडे, मग बॅरल, मग टाकी. साडेचारला पाठ टेकते न टेकते तोच लहानगं रडत उठतं. सहाला डब्याची घाई. एवढ्यानं माणूस थकतं आणि दुपारी तासभर डोळा लागला की सावरतंही. पण एखाद्या दिवशी झोप होऊनही थोरला ‘आई, हे बघ ना’ म्हणत चित्राची वही पुढं धरतो आणि तिला आतून काही म्हणता काही वाटत नाही. ‘हं’ म्हणते, हात पोळी लाटतच राहतात. हे ‘हं’ दिवसेंदिवस चालू राहिलं, तर प्रकरण थकव्याच्या पुढं गेलंय असं समजावं.

बर्नआउट म्हणजे सततच्या ताणानं माणूस आतून कोरडं पडणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली ती फक्त नोकरी-व्यवसायापुरती. आई-वडिलांच्या बर्नआउटचा सविस्तर अभ्यास बेल्जियममधल्या ईझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचॅक या मानसशास्त्रज्ञांनी केला. त्यांनी त्याच्या चार खुणा मांडल्या. आपल्याकडच्या बायका त्याच खुणा आपल्या शब्दांत रोज सांगत असतात. ‘अंगात त्राणच उरलं नाही’ म्हणजे मुलांचं करण्यातून आलेला, झोपेनं न जाणारा थकवा. ‘मी अशी नव्हते हो’ म्हणजे पूर्वीच्या आपल्यात आणि आजच्या आपल्यात पडलेलं अंतर. ‘नको झालंय सगळं’ म्हणजे उबग. आणि चौथी खूण सहसा कुणी बोलून दाखवत नाही, कारण तिची लाज वाटते : मुलाचं जेवण, अंघोळ, शाळा सगळं वेळच्या वेळी होतं, पण माया आटल्यासारखी वाटते. ती आटलेली नसते. अंगावरचा भार आणि हाताशी असलेला आधार यांची तागडी महिनोन्‌महिने एकाच बाजूला कलली की मन स्वतःला वाचवायला मागं सरकतं.

म्हणूनच ‘दोन दिवस माहेरी जाऊन ये, बरं वाटेल’ हा सल्ला अपुरा पडतो. बरं वाटतं, नाही असं नाही. पण परत आल्यावर तागडी तिथंच असते. घरातली निदान दोन कामं मुळापासून, आठवण ठेवण्यासकट, दुसऱ्या कुणाच्या अंगावर जात नाहीत तोवर हा बर्नआउट हटत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं त्या दिशेनं जाणारं आहे.

आधी खात्री करा : चौदा रात्री, पाच प्रश्न

मुलाची अर्धी उरलेली जुनी वही घ्या. रोज झोपण्यापूर्वी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं :

१. सकाळी डोळे उघडताच ‘आज पुन्हा तेच’ म्हणून छातीवर दडपण आलं का?
२. मुलांचं सगळं केलं, पण मन त्यात अजिबात नव्हतं, असं झालं का?
३. ‘मी अशी नव्हते’ हा विचार आला का?
४. मुलाच्या हाकेनं किंवा अंगाला बिलगण्यानंही वैताग आला का?
५. सगळं सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटलं का?

शेजारी दोन गोष्टींची खूण करा : पाण्याची रात्र होती का आणि पाळीचे दिवस होते का. ‘हो’ची गर्दी फक्त पाण्याच्या दुसऱ्या दिवशी दिसली तर मूळ दुखणं झोपेचं आहे, आणि ते सोडवणं तुलनेनं सोपं. चौदापैकी निम्म्याहून जास्त दिवस तीन किंवा अधिक ‘हो’ आले, पाण्याचा दिवस असो नसो, पाळी असो नसो, तर बर्नआउट धरून चाला. ही वैद्यकीय चाचणी नव्हे. स्वतःशी खोटं बोलू नये म्हणून केलेली ही नोंद आहे, आणि पुढं डॉक्टरांसमोर ती फार कामाला येते.

बर्नआउट आणि नैराश्य यांत गल्लत होते. ढोबळ फरक असा : बर्नआउट घर-मुलांच्या कामाला चिकटलेला असतो. मैत्रिणीच्या लग्नाला गेलात, मुलं दुसऱ्या कुणीतरी सांभाळली, तर चार तास तरी हसू येतं. नैराश्य लग्नातही सोबत येतं. तिथंही काही गोड लागत नाही, भूक-झोप बिघडलेलीच असते, ‘मी कुणाच्या कामाची नाही’ हे डोक्यातून हटत नाही. दोन्ही एकत्रही असू शकतात. बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून येणारी रडवेली अवस्था साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढं टिकली तर ती ‘बाळंतिणीची हळवेपणाची लहर’ राहत नाही. प्रसूती जिथं झाली तिथल्याच डॉक्टरांना सांगायचं.

रक्त तपासल्याशिवाय मनाला दोष देऊ नका

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे जिना चढताना दम लागणं, पाय ओढत चालणं, चिडचिड यांतला काही भाग सरळ हिमोग्लोबिनचा असू शकतो. सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), टीएसएच (थायरॉइड), बी१२ जीवनसत्त्व आणि रक्तातली साखर, एवढ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी धरतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड वरखाली होऊ शकतो, म्हणून ‘मागं एकदा केली होती, नॉर्मल होती’ यावर थांबू नका.

लोहाच्या गोळ्या दिल्या तर बहुतेक ठिकाणी चूक एकच होते : गोळी घेतली की वर चहा. चहानं लोह नीट अंगी लागत नाही. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. कॅल्शियमची गोळीही असेल तर दोन्हींमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. एक सकाळी, एक रात्री केली की विसरायला होत नाही. शौचाला काळी होते म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नयेत. पोटात फारच मळमळलं तर जेवणानंतर घ्या, पण सोडू नका.

तीन दिवसांची कामाची नोंद

आता त्याच वहीत मागच्या बाजूनं तीन दिवस लिहून काढा : एक पाण्याचा, एक शाळेचा, एक रविवार. अर्ध्या-अर्ध्या तासानं काय केलं, एवढंच. मग प्रत्येक कामापुढं तीन रकाने : आठवण कुणी ठेवली, जुळवाजुळव कुणी केली, हात कुणी लावला.

इथं डोळे उघडतात. मुलीचा डबा घ्या. वरवर वीस मिनिटांचं काम. पण मटकी संपत आलीय हे सोमवारी लक्षात ठेवणं, मंगळवारी रात्री भिजत घालणं, बुधवारी मोड आलेत का बघणं, तिला वर्गातल्या कुणीतरी मटकीवरून चिडवलं म्हणून गुरुवारी बटाटा करायचं ठरवणं, डब्याचं रबर सैल झालंय ते बदलायचं, आणि संध्याकाळी अर्धा डबा उरून आला तर का उरला याची हळूच चौकशी. हात लावायचं काम वीस मिनिटांचं, डोक्यातलं काम आठवडाभराचं. घरचे ‘डबा तर मी पण भरतो कधी कधी’ म्हणतात ते फक्त तिसऱ्या रकान्याबद्दल. आईला कोरडं करून टाकतो तो पहिला रकाना.

वेळेचंही गणित सरकारी पाहणीत नोंदलेलं आहे. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ९७. मुलं-म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं मोजलंय. घरी बोलायची वेळ आली की हा आकडा तोंडावर फेकण्यापेक्षा स्वतःच्या वहीतली तीन पानं पुढं ठेवा. आपल्याच घरातलं असल्यानं ते नाकारता येत नाही.

काय टाकायचं, काय स्वस्तात उरकायचं

वहीतून आधी अशी कामं खोडा जी न केल्यानं कुणाचंही बिघडत नाही : घरच्या कपड्यांना इस्त्री, रोज दोन वेळा दोन भाज्या, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज तत्काळ वाचणं. ग्रुप म्यूट करा, रात्री आठला एकदा बघा.

स्वयंपाकाच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. कडक भाकरी हा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे, तो पाहुण्यांना बांधून देण्यापुरता ठेवू नका. नीट वाळलेली कडक भाकरी कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते. आठवड्यातले दोन दिवस, त्यातला एक पाण्याच्या रात्रीनंतरचा, तव्याला हात लावायचा नाही : कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा, हवी तर आमटी कुस्करायला. लहान मुलांना आणि दात नसलेल्या आजोबांना आमटीत भिजवून मऊ करून द्या. रोजची मऊ भाकरीच हवी असा घरचा हट्ट असेल तर जवळच्या पोळी-भाकरी केंद्रातून आठवड्यात तीन दिवस आणा. ‘विकतची भाकरी खायची पाळी आली’ असं कुणी म्हणालं तर म्हणू द्यावं. त्या पैशातून त्या-त्या दिवशीचा पाऊण तास सुटतो, आणि भर मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असताना चुलीपुढचा पाऊण तास म्हणजे साधी गोष्ट नव्हे.

सणवारांचंही तसंच. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे येतात, मग हळदीकुंकू, पुढं गौरी-गणपती, नवरात्र. वर्षातला एकच सण मनासारखा करायचा असं यंदापुरतं ठरवा. बाकीचे जमतील तसे.

दोन कामं मुळासकट सोपवायची

इथं सगळ्यात जास्त घरं अडखळतात, म्हणून जरा सावकाश बघू. ‘मदत’ मागायची नाही. मदत म्हणजे काम तुमचंच, दुसऱ्यानं हात लावला इतकंच. ‘तू सांग, मी करतो’ यात सांगायचं काम तुमच्याकडेच उरतं. तेच तर उतरवायचंय.

सुरुवातीला पाणी सोपवा. काम ठळक आहे, कधी सुरू झालं, कधी संपलं ते कळतं आणि तुमची झोप त्यानंच तुटते. पाणी सोपवलं म्हणजे काय काय सोपवलं, हे एका कागदावर लिहा : आपल्या भागाचा दिवस आणि वेळ माहीत करून घेणं, वेळापत्रक बदललं तर विचारपूस, गजर स्वतःच्या फोनवर, आधी पिण्याचं मग वापरायचं, सगळ्या भांड्यांवर झाकण, आणि आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करून आतून घासणं, कारण साठवलेल्या पाण्यातच डेंग्यूचे डास अंडी घालतात. दुसरं काम मुलाशी संबंधित निवडा : थोरल्याचा अभ्यास आणि शाळा, किंवा धाकट्याचे डोस-दवाखाना.

बोलायची वेळ नीट निवडा. पाण्याच्या रात्री नको, पाहुण्यांसमोर नको, भांडण चालू असताना तर नकोच. जेवणं झाल्यावर, मुलं झोपल्यावर. आणि तक्रारीनं सुरू करू नका, जे होतंय त्यानं सुरू करा. उदाहरणार्थ :

‘अहो, गेले दोन महिने मुलांजवळ बसले तरी मला नकोसं वाटतंय. मला याची भीती वाटायला लागलीय. पाणी आणि थोरल्याचा अभ्यास, या दोन गोष्टी पूर्ण तुमच्याकडं घ्या. मी आठवण करणार नाही, चुकलं तरी मध्ये पडणार नाही. तीन आठवड्यांनी बसून बघू.’

सासूबाई घरात असतील तर त्यांना मोघम ‘बाळाला बघा जरा’ म्हणू नका. ‘आई, रोज संध्याकाळी सात ते आठ बाळ तुमच्याजवळ. तेवढा वेळ मी आत पडते’ असं वेळ ठरवून सांगा. ‘आम्ही नाही का चार-चार पोरं वाढवली’ हे ऐकावं लागेलच. त्यावर वाद घालू नका. त्यांनीही ते सोसून काढलंय, आणि ‘तुम्हाला तेव्हा कोण होतं हो मदतीला?’ असं मनापासून विचारलं तर पुष्कळदा सासूबाईच बोलत्या होतात.

काय बिघडतं तेही सांगतो. पहिल्या आठवड्यात पाणी कमी भरलं जाईल, एखाद्या दिवशी गजरच होणार नाही. त्या वेळी तुम्ही उठून गुपचूप भरलंत की सगळं मुसळ केरात. पिण्याचे दोन हंडे तेवढे राखीव ठेवा, बाकी चार दिवस कपडे तुंबू द्यात. ज्याचं काम, त्याला त्याची झळ बसली पाहिजे. दुसरी चूक : त्यांनी घेतलेल्या अभ्यासातल्या चुका मुलासमोर काढणं. तिसरी सगळ्यात वाईट : नवऱ्यानं नाही म्हटलं म्हणून काम अकरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर ढकललं जाणं. ताट उचलणं, धाकट्याला गोष्ट सांगणं, एवढं मुलांनी करावं, मुलानंही आणि मुलीनंही. पण तिला छोटी आई करू नका.

हाताशी कुणीच नसेल तर

नवरा परगावी, नवरा प्यायलेला, किंवा नवराच नाही, अशा आयांना वरचं सगळं ऐकून रागच येईल. त्यांच्यासाठी भार वाटायची जागा म्हणजे शेजार. विडी घरकुलासारख्या वस्तीत किंवा साखर पेठेतल्या एखाद्या वाड्यात तीन जणींनी पाळी लावली, प्रत्येकीनं आठवड्यातून दोन दुपारी दोन-दोन तास तिघींची मुलं बघायची, तर प्रत्येकीला चार मोकळ्या दुपारी मिळतात. नियम लिहूनच ठरवा : खाऊ ज्याचा त्यानं पाठवायचा, ताप असलेलं मूल आणायचं नाही, वेळ संपली की पाच मिनिटांत घेऊन जायचं. तोंडी ठरलेली पाळी पंधरा दिवसांत मोडते, आणि ती बहुधा ‘माझ्याकडंच जास्त वेळ राहतात’ या कुरकुरीनं मोडते.

विडी वळणाऱ्या आईची अडचण वेगळी. मजुरी नगावर, म्हणून विश्रांतीचा प्रत्येक तास थेट पैशात मोजला जातो. तिला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ सांगणं क्रूरपणाचं आहे. तिनं मोकळ्या दुपारींपैकी दोन कामाला वापराव्यात आणि दोन झोपेला. मूल मांडीशी नसताना हात भरभर चालतो, त्यामुळं झोपेच्या दोन दुपारींची मजुरी तिथं बरीचशी भरून निघते. मुलाला तंबाखूच्या धुळीपासून लांब ठेवणंही यातून साधतं. तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत नियमित जाऊ द्या, खाडे करू नका. नोकरी करणाऱ्यांनी हे माहीत करून घ्यावं की पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्यानं बंधनकारक आहे.

झोप

सलग चार-पाच तास, हे पहिलं उद्दिष्ट. तेवढेच तास तुकड्या-तुकड्यांनी मिळण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं. तान्हं बाळ असेल तर रात्र दोघांत वाटा : दहाला पाजून तुम्ही दुसऱ्या खोलीत, दोनपर्यंत बाळाची हालचाल, दुपटी, थोपटणं बाबांकडं. फक्त भुकेसाठीच उठवायचं. एकच खोली असेल तर तोंड भिंतीकडं करून झोपायचं आणि बाबांनी आधी हात पुढं करायचा. सगळे झोपल्यावर मोबाइल बघत घालवलेला तास हाच ‘माझा’ तास वाटतो, ते खरंही आहे, पण तो झोपेतूनच कापलेला असतो. तो तास दिवसा मिळवायचा, म्हणून तर एवढी सगळी खटपट.

हात उगारला जाणार असं वाटलं त्या क्षणी

तान्हं बाळ रडायचं थांबत नाही आणि डोकं भणभणायला लागलं, तर त्याला जमिनीवर गोधडीवर पाठीवर झोपवा. आजूबाजूला उशी, दोरी, पिशवी नको. झोळीत एकटं सोडू नका. दार ओढून बाहेर पडा, तोंडावर पाणी मारा, पाच-दहा मिनिटं थांबा, कुणाला तरी हाक मारा किंवा फोन करा. सुरक्षित जागी दहा मिनिटं रडल्यानं बाळाला काही होत नाही. बाळाला गदागदा हलवल्यानं मात्र मेंदूला इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

मोठ्या मुलावर ओरडलात, हात उठला, तर त्याच दिवशी त्याच्याजवळ बसून म्हणा : ‘मघाशी मी फार ओरडले. तुझी एवढी चूक नव्हती. मी दमले होते, पण म्हणून मारणं बरोबर नाही.’ एवढंच. लगेच खाऊ आणू नका, ‘पण तू पण ना...’ हे शेपूट जोडू नका.

दाराबाहेरची मदत कधी

स्वतःला किंवा मुलाला संपवावं असा विचार एकदा जरी आला, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, बाळंतपणानंतर झोपच लागेनाशी होऊन बोलणं भरकटू लागलं, तर चौदा रात्रींची वही वगैरे बाजूला ठेवा. त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. जीव धोक्यात असेल तर ११२. घरात मारहाण असेल तर तो बर्नआउट नव्हे, त्यासाठी महिला हेल्पलाइन १८१.

बाकी वेळी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. फोन लागल्यावर काय बोलायचं सुचत नाही म्हणून बायका ठेवून देतात, त्यामुळं पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवा : ‘मी दोन मुलांची आई आहे, दोन महिन्यांपासून मुलांचं करणं नकोसं झालंय, झोप इतके तास आहे.’ पुढं ते विचारत जातात. असं बोललं तर पोलिस केस होते, ही भीती मनातून काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही तीव्र तणावाखाली असल्याचं गृहीत धरूनच वागवायचं असतं. आणि जीवाला धोका असण्यासारखे अपवाद सोडले तर उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

प्रत्यक्ष भेटायचं तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढण्याच्या रांगेत वेळ जातो, म्हणून सकाळी लवकर जा आणि लहान मूल घरी ठेवता आलं तर ठेवा. सोबत तीन गोष्टी न्या : चौदा रात्रींची वही, रक्ताचे रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं. स्तनपान चालू असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, त्यावर औषधाची निवड ठरते. औषध लिहून दिलं तर त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून मनानं बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदमही सोडू नका.

कामं सोपवल्यापासून सहा आठवड्यांनी पुन्हा चौदा रात्री तेच पाच प्रश्न लिहा. सगळ्यात आधी सहसा पहिला प्रश्न ‘नाही’कडं वळतो, कारण तो झोपेशी बांधलेला आहे. दुसरा आणि चौथा, मायेचे आणि स्पर्शाचे, उशिरा वळतात. त्यांना वेळ द्या. पण तिन्ही रकाने अजून तुमच्याच नावावर दिसत असतील तर आधी तो कागद पुन्हा काढून नवऱ्यासमोर ठेवायचा, आणि रकाने हलूनही ‘हो’ तसेच असतील तर वही घेऊन वर सांगितलेल्या मानसोपचार विभागात जायचं.